एंट्री पुन्हा घ्या, परेराकाका!

अभिनयातलं आमच्या घरात फक्त मला कळतं.

निदान गेल्या डिसेंबरपर्यंत माझी तशी समजूत होती, आणि तिला आधारही होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी द्वारपालाचं काम केलेलं (भाला खरा होता, मिशी घामाने निघाली). पुढे लग्न होऊन डोंबिवलीत आल्यावर सोसायटीच्या गणपतीत सलग तीन वर्षं नाटुकली बसवली. चौथ्या वर्षी सोसायटीने ऑर्केस्ट्रा ठेवला, पण त्याचा माझ्याशी काही संबंध नाही, असं सेक्रेटरी स्वतः येऊन सांगून गेले. दोनदा येऊन सांगून गेले!

त्यामुळे माझी लेक रेवा सिनेमाच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षासाठी पिक्चर काढणार म्हणाली, तेव्हा मी लगेच चष्मा पुसून बसले.

"लव्ह स्टोरी आहे, आई. दोन पिढ्यांची. एक आजी-आजोबा असतात. तरुणपणी ठाण्यात कोलशेतला कंपनीच्या गेटपाशी भेटायचे, खाडीच्या बांधावर बसायचे. मग लग्नं भलतीकडेच होतात दोघांची. आता म्हातारपणी परत भेटतात. आणि त्याच वेळी आजीची नात त्याच भागात एका मुलाच्या प्रेमात पडते. पण आता तिथे गेट नाही, बांध नाही. नुसते टॉवर, मेट्रोचे खांब आणि निळे पत्रे. चौघांनाही बसायला जागाच नाही!"

"सुंदर!" मी म्हटलं. "आणि यात मी कोण?"

रेवाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू डबे दे ना आम्हाला. चौदा जण आहोत."

आजीच्या भूमिकेसाठी तिने आजीलाच घेतलं. आजी म्हणजे माझी आई, नलिनी. वय एकाहत्तर, निवृत्त भूगोलाच्या बाई. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हापासून ती आमच्याकडेच असते. स्वभाव भूगोलाच्या बाईंचा असतो तसाच. रिक्षावाल्याने "मॅडम, स्टेशनच्या इकडे की तिकडे?" असं विचारलं तर ती "पूर्वेला की पश्चिमेला असं विचारावं" म्हणून त्याला सुधारते आणि मगच बसते.

आजोबा मात्र रेवाला रस्त्यात सापडले. ती कोलशेतला जागा बघायला गेलेली. तिथे एका टॉवरच्या वॉचमनशी एक उंच, काटक म्हातारे गृहस्थ हुज्जत घालत होते. "अरे, तुजा स्विमिंग पूल हाय ना, तितंच माजी लेथ मशीन होती! बत्तीस वर्सं! एकदा बघू तरी दे!" हे फ्रान्सिस परेरा. तिथल्याच कंपनीत फोरमन होते. कंपनी गेली, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगा कॅनडात. ठाण्यात एकटेच राहतात. रेवाने त्यांना तिथल्या तिथे हीरो केलं.

पहिल्या वाचनाला आमच्या हॉलमध्ये आई आणि परेराकाका समोरासमोर बसले आणि पाचव्या मिनिटाला भांडण झालं.

"ही खाडी नव्हे," आई म्हणाली. "कोलशेतपाशी आहे ती उल्हास नदी. संहितेत दुरुस्ती करा."

"आमी तर खाडीच बोलतो, बाई."

"तुम्ही काही म्हणाल. नकाशात नदी आहे."

"नकाशात असेल. मी तिच्यात पोहलोय. पाणी खारट हाय!"

"भरतीचं पाणी वर चढतं म्हणून! सातवीच्या पुस्तकात आहे!"

मी रेवाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "हे दोघं प्रेमी म्हणून शोभणार नाहीत. केमिस्ट्री नाही." (माझी नजर बघा! हीच नजर घेऊन मी पुढचे दोन महिने घरात वावरत होते.)

शूटिंग सुरू झालं. आई सकाळी नऊला नटून निघायची, संध्याकाळी सहाला यायची. येताना कधी हातात चिकूची पिशवी ("परेरांच्या ओळखीच्या माणसाकडचे आहेत"), कधी केसात अबोलीचा गजरा. मी कौतुकाने मिलिंदला म्हणायचे, "बघ, भूमिकेत कशी शिरलीये!" मिलिंद म्हणजे माझा नवरा. तो पेपर जरा वर धरायचा आणि "हं" म्हणायचा. त्या पेपरमागे काय चाललंय हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मग आईच्या फेऱ्या जरा लांबच्या व्हायला लागल्या.

"शुभा, मी उद्या परेरांबरोबर खडवलीला जाऊन येते."

"खडवलीला? पिक्चरमध्ये खडवली कुठून आली?" मी विचारलं आणि माझं मीच उत्तर दिलं, "अच्छा! नदीचा आवाज हवा असेल."

"हो," ती म्हणाली. "नदीचा आवाज ऐकायचाय."

"मग धरणाकडची बाजू घ्या, तिथे पाणी खळखळतं. आणि स्वेटर ने!"

आता आठवलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. माझ्या आईने या सगळ्या काळात एकही वाक्य खोटं उच्चारलं नाही. खोटं सगळं माझं मीच तयार करून तिच्या हातात देत होते. वर स्वेटरही देत होते!

एका रविवारी आई मटार सोलत बसलेली. रेवा मोबाइलवर काहीतरी एडिट करत होती. आईने एक शेंग सोलली, दुसरी सोलली आणि म्हणाली, "शुभा, समज, मी तुला सांगितलं की मला पुन्हा लग्न करायचंय. तर तू काय म्हणशील?"

मी ताडकन उठले. दोन महिने डबे भरल्यावर शेवटी माझ्याकडे सीन आला होता!

"थांब! चष्मा काढते. रेवा, रेकॉर्ड कर गं, तुमच्या पिक्चरमध्ये आजीच्या मुलीचं काम करणारीला दाखवायला उपयोगी पडेल."

"आई, अगं, आजी तुला..."

"रेकॉर्ड कर!"

आणि मी सुरुवात केली. आईच्या पायाशी बसले. मटाराची पाटी बाजूला सरकवली. "आई," मी आवाज कापरा करून म्हटलं, "आयुष्यभर तू आमच्यासाठी झिजलीस. आता स्वतःसाठी जग! ज्याच्या सोबत तुला हसू येतं, त्याचा हात धर. मी तुझी मुलगी आहे, तुझी पहारेकरी नाही! लोक काय म्हणतील? लोकांना मी बघून घेते!" शेवटच्या वाक्याला मी हवेत मूठ उगारली. दोन मटार कपाटाखाली गेले.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या गालाला हात लावला. "खरंच असं वाटतं तुला?"

"वाक्य छान आहे," मी म्हटलं. "फक्त 'खरंच'वर जोर दे."

नाताळच्या आदल्या रविवारी, सकाळी साडेदहाला दाराची बेल वाजली. दारात परेराकाका. अंगात कडक इस्त्रीचा कोट, एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात गजऱ्याची पुडी. मागे हॉलमध्ये आई मोरपंखी साडी नेसून बसलेली, रेवा आणि मिलिंद सोफ्यावर सरळ पाठीने. मला वाटलं, सेट लागलाय.

काका आत आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "शुभाबाय, मी नलिनीबाईंना मागणी घालायला आलोय. त्या बोलल्या, आधी माज्या मुलीला विचारा."

मी मान हलवली. "नाही काका. एंट्री जमली नाही. असं बोलताय जसं काही गॅसचं बिल द्यायला आलात. एंट्री पुन्हा घ्या. दारापासून!"

काकांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. पण बत्तीस वर्षं कंपनीत सुपरवायझरचं ऐकलेला माणूस तो! मुकाट्याने बाहेर गेला. मी दार लावलं. बेल वाजली.

"शुभाबाय, मी नलिनीबाईंना..."

"केकचा डबा मध्ये येतोय. चेहरा दिसू दे. परत!"

तिसऱ्या खेपेला जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मेहेंदळेकाकू आल्या. "अगं शुभा, कोण आहेत हे? केव्हाचे बाहेर उभे आहेत. घरात का घेत नाहीस? चांगले दिसतात गं!"

"काकू, रिहर्सल!" मी म्हटलं. "तुम्ही पण बसा. प्रेक्षक असले की रंग चढतो."

काकू बसल्या. (चप्पल न काढता बसल्या. यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.)

चौथ्या खेपेला मी काकांना सांगितलं, "आता जरा मनापासून करा. वाटलं तर गुडघा टेका. पिक्चर आहे, जरा जास्तच हवं."

"गुडगा?" काका म्हणाले. "डॉक्टर नको बोललाय."

"कलाकाराने डॉक्टरचं ऐकायचं नसतं!"

काकांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि उजवा गुडघा टेकला. "नलिनीबाई," ते आईकडे बघत म्हणाले, आणि यावेळी आवाज खरोखरच कापरा होता, "माज्या घराच्या गच्चीतून थोडी खाडी दिसते. तुमाला ती नदी बोलायची असेल तर बोला. मी कदीच 'नाय' बोलणार नाय." एवढं म्हणून त्यांनी उठायला जोर लावला आणि गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. काका तिथेच अडकले!

मिलिंद धावला. मेहेंदळेकाकूंनी "हळद! हळद आणा!" असा धोशा लावला. मी मात्र आनंदाने टाळ्या पिटत होते. "हाच! हाच तो क्षण! असंच राहा काका, हलू नका! रेवा, घेतलंस ना? कॅमेरा कुठाय तुमचा?"



"आई," रेवा हळूच म्हणाली, "शूटिंग संपून तीन आठवडे झाले. डबे नाही का बंद झाले?"

"मग हे काय चाललंय?"

"मागणी," आई म्हणाली.

मी सोफ्यावर बसायला गेले आणि गजऱ्याच्या पुडीवर बसले. मग जे तोंडातून आलं ते असं: "आई! वेड लागलंय का तुला? या वयात? लोक काय म्हणतील?"

रेवाने मोबाइल समोर धरला. त्यातून माझाच आवाज घुमला, "लोकांना मी बघून घेते!" मूठसुद्धा दिसली.

"ते मी पात्र म्हणून बोलले!" मी ओरडले.

आई उठली. शांतपणे म्हणाली, "मग ते पात्र तुझ्यापेक्षा बरं होतं, शुभा."

आणि जमिनीवरून परेराकाकांनी अदबीने विचारलं, "बाय, मी उठू का? की अजून एकदा करायचं?"

पुढचे चार दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. म्हणजे चौकशीपुरतं बोलले. मिलिंदला विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "दिवाळीपासून." नाशिकच्या माझ्या धाकट्या भावाला फोन केला. मला वाटलं, तो तरी पेटून उठेल. तो म्हणाला, "ताई, आईने मला आधीच सांगितलं. तुला सांगायला ती घाबरत होती. पण मग म्हणाली, शुभाने तर इतकं छान उत्तर दिलं की मलाच माझी लाज वाटली." मी फोन ठेवला. पोळ्या करायला येणाऱ्या संगीताला सहज म्हणून विचारलं, तर ती लाटणं न थांबवता म्हणाली, "ताई, तुमाला आत्ता कळलं?"

पाचव्या दिवशी सकाळी आई चहा ढवळत असताना मी शेवटी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

"ते ख्रिश्चन आहेत," मी म्हटलं. सुरुवात कुठूनतरी करायची म्हणून.

"हो. ते रविवारी चर्चला जातील, मी संकष्टीला मोदक करीन. मोदक त्यांना आवडतात."

"तू गेल्यावर..." माझा आवाज खरंच कापरा झाला, करावा लागला नाही. "मी ऑफिसातून आले की घरात कुणी नसेल, आई."

"ठाणं काय परदेश आहे का, शुभा? इथून पूर्वेला... नाही, पश्चिमेला, काही किलोमीटर." मग तिने गॅस बारीक केला. "हे तुझं खरं कारण आहे का?"

मी मान खाली घातली. "आणि बाबा?"

आईने चमचा खाली ठेवला. चहा उतू जाईल म्हणून मीच गॅस बंद केला.

"तुझ्या बाबांशी मी रोज बोलते," ती म्हणाली. "गेली नऊ वर्षं. पाऊस किती झाला, रेवाचा निकाल काय लागला, सगळं सांगते. ते ऐकतात, हे मला माहीत आहे. पण उत्तर देत नाहीत गं. परेरा देतात. बहुतेक वेळा चुकीचं देतात. पण मला तेवढंच हवंय. मी बोलल्यावर समोरून कुणीतरी 'छे, असं नाही' म्हणायला हवंय."

इतकं मोठं भाषण ठोकणाऱ्या बाईला साधं "बरं" म्हणता येईना. मी चहा घेऊन आत गेले.

त्याच आठवड्यात ठाण्याला एका छोट्या हॉलमध्ये रेवाच्या वर्गाचे पिक्चर दाखवणार होते, बक्षिसंही होती. मी मागच्या एका रांगेत फुगून बसले. आई आणि परेराकाका दोन रांगा पुढे. काकांच्या गुडघ्याला पट्टा, आणि तो पाय त्यांनी मधल्या वाटेत लांब केलेला. येणारा-जाणारा "सॉरी आजोबा" म्हणून ओलांडत होता.

पिक्चर सुरू झाला. पत्रे आले, खांब आले, ती तरुण जोडी टॉवरच्या गेटवरून हाकलली गेली. मग आई आणि काका एका बाकावर. संवाद झाले. ठीकच झाले, आईने प्रत्येक वाक्य श्रुतलेखन घातल्यासारखं म्हटलं. आणि संवाद संपल्यावर कॅमेरा तसाच चालू राहिलेला होता. दोघांना ते कळलंच नव्हतं. काकांनी समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून हळूच काहीतरी म्हटलं, आणि आई हसली. तोंडावर पदर धरून, मान मागे टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

ते हसणं मी ओळखलं. मी चौथीत असताना बाबा भाजीऐवजी चुकून कुंडीतलं रोप घेऊन आलेले, तेव्हा आई असं हसलेली. माझ्या घरात नऊ वर्षं ती बरी होती, शांत होती, कधी तक्रार नव्हती. मला वाटलं होतं ती सुखात आहे. ती फक्त आमची गैरसोय होऊ देत नव्हती.

मी रडायला लागले. आधी रुमालात, मग रुमालाबाहेर. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या अंधारात उभी राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "माझी काही हरकत नाही!"

मागून आवाज आला, "आमची आहे! खाली बसा, दिसत नाहीये!"

"शुभा," पुढून आई न वळता म्हणाली, "आधी पिक्चर संपू दे."

पण तिचा हात खुर्चीवरून मागे आला होता. मी दोन रांगा ओलांडून तो धरायला गेले, काकांच्या पायात अडखळले आणि एका परीक्षकाच्या मांडीवर जाऊन बसले. (रेवाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं का नाही मिळालं, याबद्दल घरात दोन मतं आहेत.)

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. मेहेंदळेकाकूंनी दोघांचं केळवण केलं, परेराकाकांच्या मुलाने कॅनडातून फोनवर आईला "हाय आंटी" म्हटलं आणि आईने त्याला तिकडच्या पाच सरोवरांची नावं विचारली. त्याला चार आली. नोटिशीचा महिना पुरा झाल्यावर आम्ही ठाण्यात लग्नाच्या नोंदणीसाठी गेलो. मी पहाटेपासून राबत होते. हार, पेढे, कागदपत्रांच्या तीन-तीन झेरॉक्स, काकांना गुडघ्याचा पट्टा, सगळं माझ्याच डोक्यावर. आई मात्र चिंतामणी रंगाच्या साडीत अशी ताजीतवानी दिसत होती, की समोरच्या बाकावरच्या खऱ्या तरुण नवऱ्या तिच्याकडे बघत होत्या.

टेबलामागच्या बाईंनी फाइल उघडली. चष्म्यावरून आमच्याकडे एक नजर टाकली. माझे विस्कटलेले, अर्धे पिकलेले केस, सुजलेले डोळे, खांद्यावरच्या दोन पिशव्या बघून त्यांचा चेहरा कनवाळू झाला.

"वधूच्या आई ना तुम्ही?" त्या मला म्हणाल्या. "बसा हो, दमलात. मुलीचं लग्न म्हटलं की धावपळ होतेच."

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या बाईंना म्हणाली, "हो ना. फार केलं हो हिने माझ्यासाठी!"

साक्षीदार म्हणून मी मुकाट्याने सही केली, आणि त्याच संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन केस काळे करून आले.